ओओएडीच्या ओरलला जायच्या आधी

मागच्या सेमला ओओएडीच्या (ऑब्जेक्ट ओरिएंटेड ॲनालिसिस अँड डिझाइन, म्हणजे सॉफ्टवेअरची आखणी आकृत्या काढून करायचा विषय) ओरलमध्ये माझी जाम वाट लागली, म्हणून हे लिहून ठेवतोय. जर्नल, सह्या, सर्टिफिकेट हे सांगत बसत नाही.

प्रोजेक्टला लायब्ररी मॅनेजमेंट घेऊ नका, एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) सकाळपासून तेच बघत असतात. आम्ही मेस घेतली होती, कारण खाडे, डबा, महिन्याचं बिल हे रोजचंच. ज्याचे नियम तोंडपाठ आहेत असंच काहीतरी घ्या.

युज केस डायग्राममध्ये (वापरणाऱ्याला सिस्टिममध्ये काय काय करता येतं त्याची आकृती) इन्क्लूडचा (दर वेळी लागणारं काम) बाण मूळ युज केसकडून निघतो आणि एक्स्टेंडचा (कधीतरीच लागणारं काम) मूळ युज केसकडे येतो. उलटा काढलात तर पहिल्याच मिनिटाला पकडतात.

क्लासेस (ऑब्जेक्टचे साचे, जसं मेंबर, बिल) शोधायला सीआरसी (क्लास, रिस्पॉन्सिबिलिटी, कोलॅबोरेटर) कार्डं करा, केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅमनी १९८९ मध्ये मांडलेली, कोणी विचारलं तर सांगता येतं. वर क्लासचं नाव, डावीकडे त्याचं काम, उजवीकडे त्याला कोणाची मदत लागते. एका कार्डावर कामं मावेनाशी झाली की समजा क्लास फोडायचा.

इनहेरिटन्स (एका क्लासवरून सबक्लास काढणं) दिसला की लगेच उडी मारू नका. आम्ही मेंबरचे दोन सबक्लास केले, डबावाला आणि बसून जेवणारा. आता पंधरा तारखेला एखाद्याने डबा सुरू केला तर? जावात ऑब्जेक्टचा क्लास मध्येच बदलता येत नाही, म्हणजे जुना मेंबर फेकून नवा बनवा आणि त्याचे खाडे हाताने इकडचे तिकडे करा. त्यापेक्षा मेंबरच्या आत जेवणाचा प्रकार हा वेगळा ऑब्जेक्ट ठेवायचा, तो बदलला की काम झालं. हे आम्हाला सबमिशनच्या आदल्या रात्री कळलं, असो.

आता मेन. सीक्वेन्स डायग्राममधला (कोणता ऑब्जेक्ट कोणाला कधी काय सांगतो त्याची आकृती) प्रत्येक बाण ज्या लाइफलाइनवर (ऑब्जेक्टची उभी रेघ) जाऊन टेकतो, त्या ऑब्जेक्टच्या क्लासमध्ये त्या नावाची मेथड (क्लासमधलं फंक्शन) पाहिजे. रिटर्नचे तुटक बाण सोडून प्रत्येक. आमच्यात मेंबरकडून बिलाकडे 'खाडे वजा कर' असा झकास बाण होता, मॅडमनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ही मेथड क्लास डायग्राममध्ये दाखव. नव्हती. मग कोडमध्ये दाखव. तिथेही नव्हती, मेन मेथडमध्ये साठ ओळींचा इफ-एल्स होता. मी नुसता पानं उलटत राहिलो. त्यामुळे प्रिंट काढायच्या आधी पेन घेऊन बसा, एकेक बाण, एकेक टिक, आणि कोडमध्ये मेथडचं नाव बदललं की परत पहिल्यापासून टिक करा. पार्टनरने केलंय म्हणाला तरी परत करा, माझाही म्हणाला होता.

क्लास डायग्राममध्ये मल्टिप्लिसिटी (एकाला किती, एक की अनेक) टाका. भरलेला डायमंड कंपोझिशन (भाग पूर्ण वस्तूशिवाय राहत नाही), पोकळ ॲग्रिगेशन (भाग वेगळाही राहतो), आणि डायमंड पूर्ण वस्तूच्या बाजूला.

डिझाइन पॅटर्न (नेहमीच्या अडचणीवरचा ठरलेला उपाय) एकच घाला पण का घातला ते सांगता यायला हवं. पुस्तकातले तेवीसच्या तेवीस पाठ करणारे बघितलेत, पुढच्याच प्रश्नाला गप्प.

कोडमध्ये इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट सारखे का ते ठरवणारी मेथड) लिहिलं तर हॅशकोडपण (ऑब्जेक्टवरून आकडा काढणारी मेथड) लिहा, नाहीतर हॅशसेटमध्ये (एक गोष्ट एकदाच ठेवणारा संच) एकच मेंबर दोनदा बसतो.

बाकी आयकार्ड, स्टेपलर, कोड पेनड्राइव्हवर आणि मेलवर. सगळे बाण टिक केले का? मग झोपा.