पावसाळ्यात चाकूची रबरी मूठ चिकट होऊ नये म्हणून

मिरग लागला की कोकणात काहीच धड वाळत नाही. बागेतल्या, होडीवरच्या चाकूची रबरी मूठही मग हाताला चिकटायला लागते. एवढं करा:

१. काम झालं की मूठ गोड्या पाण्याने धुवा. मासे कापले असतील तर भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश घ्या. मुठीच्या खाचांत खवले आणि चरबी अडकून बसते.

२. पुसून पडवीत वाऱ्यावर टांगा, चुलीवरच्या माळ्यावर नको. ओला चाकू म्यानात तर मुळीच घालू नका. पातं जिथे मुठीत शिरतं तिथे पाणी मुरतं आणि गंज आतून धरतो, बाहेरून कळतही नाही.

३. खोबरेल फक्त पात्याला. आपल्याकडे दिसेल त्याला तेल चोपडायची सवय, पण बऱ्याच प्रकारचं रबर तेलाने फुगतं, मऊ पडतं. डास पळवणाऱ्या मलमाचे हातही आधी धुवा.

मूठ आधीच चिकट झाली असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, वरचा थर बराचसा निघतो. पातं आधी जाड फडक्यात गुंडाळा आणि स्पिरिट चुलीपासून लांब ठेवा.