हॅमिल्टनचं कर्ज वाचायचंय? आधी रोखा कुणाकडे होता ते बघा

अमेरिकन इतिहासाचा पेपर घेणारे नवे विद्यार्थी स्वातंत्र्ययुद्धात झालेलं सरकारी कर्ज कसं फेडायचं हा १७९०चा वाद म्हणजे अर्थमंत्री हॅमिल्टन विरुद्ध परराष्ट्रमंत्री जेफरसन अशी कुस्ती समजून बसतात. जेफरसन मार्चमध्ये तेव्हाच्या राजधानीत, न्यूयॉर्कला पोचला, तोवर पहिली फेरी संपलीसुद्धा होती. ती लढला प्रतिनिधिगृहातला व्हर्जिनियाचा सदस्य मॅडिसन.

मला हा विषय उलगडला तो युद्धातल्या सैनिकाच्या हाती पगारापोटी पडलेल्या रोख्यापासून, म्हणजे पैसे नंतर देऊ अशा सरकारी चिठ्ठीपासून. घरात पैशाची चणचण, म्हणून त्याने तो कवडीमोलाने सट्टेबाजाला विकला. जानेवारी १७९०मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनचा अहवाल आला: आज रोखा ज्याच्याकडे, पैसे त्याला, तेही दर्शनी किमतीने. मॅडिसन म्हणाला, धारकाला बाजारातला सर्वांत चढा भाव द्या, उरलेलं मूळ सैनिकाला. पण मूळ मालक हुडकायचे कसे? आणि झालेला व्यवहार सरकारच फिरवू लागलं, तर उद्या रोखे घेणार कोण? मॅडिसनचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात ३६ विरुद्ध १३ मतांनी आपटला. माझ्या मते युक्तिवाद हॅमिल्टनचाच भक्कम. सैनिक मात्र बुडाला तो बुडालाच.

हॅमिल्टनचा दुसरा मुद्दा, राज्यांची कर्जं केंद्राने अंगावर घेण्याचा, नकाशा समोर ठेवून वाचा. मॅसॅच्युसेट्स आणि साउथ कॅरोलायना कर्जात बुडालेले. व्हर्जिनियाने बरंचसं फेडलेलं, मग दुसऱ्यांचा भार तिने का उचलावा? १२ एप्रिलला ठराव ३१ विरुद्ध २९ने पडला. जूनमध्ये जेफरसनच्या घरी ते प्रसिद्ध जेवण झालं: राज्यांची कर्जं केंद्राने घ्यायची, त्या बदल्यात राजधानी दक्षिणेत पोटोमॅक नदीकाठी. ही हकिगत मुख्यतः जेफरसनच्याच नंतरच्या लिखाणातून येते, आणि १७९२मध्ये तो वॉशिंग्टनला कळवत होता की हॅमिल्टनने आपल्याला फसवलं. तेव्हा ती दुखावलेल्या पक्षकाराची जबानी समजूनच वाचा. त्याऐवजी ठराव पुढे मंजूर झाला तेव्हा आपली मतं कुणी फिरवली ते तपासा: व्हर्जिनियाचे रिचर्ड ब्लँड ली आणि अलेक्झांडर व्हाइट, दोघेही पोटोमॅकलगतच्या मतदारसंघांतले.

या नेत्यांचा पत्रव्यवहार ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर फुकट आहे. सिनेट तेव्हा बंद दाराआड भरायची, म्हणून पेनसिल्व्हेनियाचा सिनेटर विल्यम मॅक्ले याची रोजनिशी चुकवू नका. माणूस खडूस, हॅमिल्टनवर जाम खार खाणारा, पण आतलं सगळं टिपून ठेवणारा.

आणि १७९०वर थांबू नका. या कर्जाच्या व्याजासाठी १७९१मध्ये व्हिस्कीवर अबकारी कर बसला, आणि १७९४मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी त्यावरून उठले.