पावलावरची गाठ दाखवायला जाताना

डॉक्टरांकडे निघताना पिशवीत सगळ्यात आधी टाका तो जोडा, जो घातला की गाठ ठणकते. रिपोर्टची फाईल लोक आठवणीने नेतात, जोडा घरीच राहतो. आणि पावलावरच्या गँगलियनमध्ये निम्मं भांडण गाठीचं आणि जोड्याचंच असतं. गँगलियन म्हणजे सांध्याच्या किंवा कंडरेच्या (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीच्या) आवरणातून बाहेर आलेली पिशवी, आत जेलीसारखा घट्ट द्रव. हा कॅन्सर नव्हे. मनगटावर ती जास्त आढळते, पण तिथे लेस आवळलेली नसते.

भेटीआधी काही दिवस गाठीचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून, सकाळी एकदा आणि दिवसभर चालून झाल्यावर एकदा. गँगलियन लहानमोठं होत राहतं आणि नेमकं तपासणीच्या दिवशी लपून बसतं. गाठ कधी दिसली, आधी पाय मुरगळला होता का, हे लिहून ठेवा. बोटांकडे मुंग्या येत असतील किंवा बधिर वाटत असेल तर आवर्जून सांगा, कारण नस दाबली जात असू शकते. मधुमेह, संधिवात, गाऊट यांचाही उल्लेख करा. चालू गोळ्यांची पाकिटंच न्या. त्यात रक्त पातळ करणारी गोळी असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. गाठ झपाट्याने वाढत असेल, दगडासारखी टणक असेल, रात्री झोपमोड करत असेल, किंवा लाल-गरम होऊन ताप आला असेल, तर फोटो जमवत न बसता लगेच दाखवा.

तोवर लेस गाठीवरची भोकं सोडून ओवा. गाठीभोवती मधे भोक असलेली फेल्टची गादी लावली तरी बराच फरक पडतो. जड पुस्तकाने ठोकून गाठ फोडायचा जुना उपाय कोणी सुचवला तर हसून सोडून द्या. खाली पावलाची बारीक हाडं आहेत. घरी सुई टोचणं तर त्याहून वाईट.

डॉक्टर कदाचित टॉर्च लावून प्रकाश आरपार जातो का पाहतील, गरजेप्रमाणे सोनोग्राफी किंवा एक्स-रे सांगतील. तुमचा पहिला प्रश्न असावा: काहीच केलं नाही तर? न दुखणारी गाठ तशीच राहू देणं हाही उपचार आहे, बऱ्याच गाठी आपोआप जिरतात. सुईने द्रव काढला की हलकं वाटतं, पण पिशवी आणि तिचा देठ आतच राहतात, त्यामुळे ती अनेकदा पुन्हा भरते. शस्त्रक्रियेत देठासकट काढतात, तरी परतण्याची शक्यता उरतेच. व्रण जोड्याखाली येईल का, हेही विचारा. हे विचारायचं बहुतेकांना टाके पडल्यावर सुचतं.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर कोणती भूल देणार आणि किती तास उपाशी राहायचं हे लिहून घ्या. सोबत एक माणूस, बँडेजवरून सहज जाईल असा सैल पायजमा, पुढून उघडी चप्पल. घरी पाय उंच ठेवायला दोन उशा, न्हाणीघरात स्टूल, बँडेज झाकायला प्लास्टिकची पिशवी. टाके साधारण 2 आठवड्यांनी निघतात; उजवा पाय असेल तर गाडी कधी चालवायची हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. नवे जोडे मात्र इतक्यात घेऊ नका. पावलाची सूज सावकाश उतरते, आणि तोवर घेतलेलं माप पुढे सैल होतं.