आधी खुर्ची बांधा, मग स्टेअरिंग

मारेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात ट्रक चालवणारे घरोघरी सापडतील, ट्रकचा गेम खेळणारा मात्र मी एकटाच. दिवसभर लोकांचे सातबारे काढून देतो, पीकविम्याचे अर्ज भरतो, आणि रात्री शटर ओढलं की त्याच कॉम्प्युटरवर ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ लावतो. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचा हा गेम २०१२ साली आला, पण अजून शिळा झाला नाही. दोन वर्षं कीबोर्डवर खेळलो. मग नागपूरहून लॉजिटेकचं जी२९, म्हणजे गेमसाठीचं स्टेअरिंग आणि पेडल, सेकंडहँड आणलं, १७,००० ला.

जोडायला अर्धा तास पुरला. ट्रकसारखं वाटायला दोन महिने लागले, आणि तेही मामा येऊन बसले म्हणून. मामांनी बावीस वर्षं गाडी मारली. आधी वणीकडचा कोळसा, मग नागपूर–हैदराबाद. आता गुडघ्यांमुळे घरीच असतात. पहिल्या दिवशी ते माझ्या चाकांच्या खुर्चीवर बसले, गाडी साठावर गेली, समोर सिग्नल लाल झाला आणि त्यांनी सवयीने अख्खा पाय ब्रेकवर दिला. खुर्ची सुर्रकन मागे गेली आणि सोयाबीनच्या कट्ट्यावर आदळली. पडद्यावरची गाडी सिग्नल तोडून पुढे.

“काहून रे बापू, ब्रेक मारला मी, अन् मागं गेलो मीच?”

म्हणून सांगतो, सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी खुर्ची पाहा. जी२९ च्या ब्रेकखाली रबराचा गोळा असतो. अर्ध्यापर्यंत पेडल सहज जातं, पुढे जोर मागतं. तो जोर तुम्ही पेडलला देता तेव्हा तेवढाच उलटा खुर्चीला बसतो. चाकांची खुर्ची असेल तर चाकं काढा. काढता येत नसतील तर पेडलचा पाट आणि खुर्चीचा पाय सुती दोरीने एकमेकांना बांधा. दोघं एकमेकांना धरून ठेवतात. मी तर प्लास्टिकची हातवाली खुर्चीच घेतली आणि वर गोधडीची घडी टाकली. दिसायला गबाळं दिसतं, पण हलत नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. गेमिंगच्या फोटोंत पोरं रेसिंग कारसारखी पाय लांब करून, पाठ मागे टाकून बसलेली दिसतात. ट्रकमध्ये तसं कोणी बसत नाही. तिथे माणूस स्टुलावर बसल्यासारखा ताठ बसतो, पाय वरून खाली दाबतो आणि स्टेअरिंग छातीसमोर उभं नसून मांड्यांवर आडवं पडलेलं असतं. माझ्या टेबलावर स्टेअरिंग उभं होतं. मामांनी दोन्ही हात त्याच्या वरच्या कडेवर टेकवायचा प्रयत्न केला, खांदे वर आले, पाच मिनिटांत मान धरली.

गावात ट्रॉलीचं वेल्डिंग करणारा आहे, त्याच्याकडून एक इंची चौकोनी पाइपाचा स्टँड करून घेतला. वर सागाची जाड फळी, तिला पुढच्या कडेला दोन बिजागऱ्या, मागून एक टेकू. टेकू वर केला की फळी पलीकडे झुकण्याऐवजी माझ्याकडे उतरती होऊ लागली, ती चूक माझी. बिजागरी कुठल्या कडेला हे वेल्डरला कागदावर काढून द्या. स्टेअरिंगचं तोंड छताकडे वळायला हवं, म्हणजे फळीची तुमच्याकडची कड उंच पाहिजे. माझी मापं अशी : बैठक जमिनीपासून १८ इंच, फळीची माझ्याकडची कड २७ इंच. तुमची उंची वेगळी असेल तर एवढंच बघा की हात वर ठेवल्यावर कोपर वाकलेलं राहतं आणि गुडघा फळीला लागत नाही. फळी पातळ घेऊ नका. प्लायच्या टेबलाला शिकंजे आवळले तर वळणावर अख्खं टेबल कुरकुरतं.

पेडलखाली ट्रॅक्टरची जुनी ट्यूब कापून टाकली. फरशीवर ती चिकटून बसते. तरीही पेडल सरकायचं, मग मागे भिंतीपर्यंत एक लाकडी ठोकळा दिला. बस.

आता गिअर. दांडा वेगळा विकत मिळतो, सहा गिअर आणि दांडा खाली दाबून रिव्हर्स. मी तो फोटोत पाहिला तसा उजव्या हाताला बसवला होता. मामा बसले, क्लच दाबला, आणि डावा हात आपोआप गुडघ्याजवळ खाली गेला. तिथे काहीच नव्हतं. बोटं हवेत दोनदा मिटली. मला तेव्हा कळलं की मी दोन महिने युरोपातल्या माणसासारखा बसत होतो. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, गिअर डावीकडे. दांडा डावीकडे हलवला आणि गेममध्ये कंपनीचं मुख्यालय इंग्लंडमध्ये टाकलं. लंडन घ्या, मँचेस्टर घ्या, तिथे गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात. बहुतेक ट्रकला उजव्या स्टेअरिंगची केबिनही मिळते, ट्रक घेतानाच ती निवडा. जर्मनीपासून सुरुवात केलीत तर पहिला आठवडा उलट्या बाजूला घुसण्यातच जाईल.

वायरिंगबद्दल थोडक्यात. स्टेअरिंगची यूएसबी थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावा, मधात हब नको. अडॅप्टर लावल्याशिवाय त्यातली मोटर जोर देत नाही. वीज लागली की स्टेअरिंग स्वतःहून एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला फिरून मध्यावर येतं. तेव्हा हात लावू नका, ते आपला मध्य शोधत असतं. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी झोपवण्याचा पर्याय असतो, तो बंद करा. आणि आमच्याकडचा खास त्रास म्हणजे कूलर. मे महिन्यात माझं स्टेअरिंग मधेच मरायचं, मी केबलला दोष देत बसलो. एक दिवस लक्षात आलं की कूलरचं बटण दाबलं त्याच क्षणी मरतं. दोन्ही एकाच बोर्डावर होते, मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली बसायचं. आता कॉम्प्युटर आणि स्टेअरिंग इन्व्हर्टरच्या लाइनवर, कूलर वेगळा.

मग लॉजिटेकचं जी हब हे सॉफ्टवेअर टाका. तिथे तीनच गोष्टी करा : फिरण्याची मर्यादा ९०० अंश, सेन्सिटिव्हिटी मूळची ५० तशीच, आणि मध्यावर ओढणारी कृत्रिम स्प्रिंग बंद. ९०० अंश म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच वेढे. खऱ्या ट्रकचे चार-पाच होतात. मामांनी पहिल्यांदा पूर्ण काटलं तर म्हणाले, “हे त लवकरच सरलं!” या हार्डवेअरला याच्यापुढे इलाज नाही, पण ९०० च्या खाली जाऊ नका. बाजारात १८० किंवा २७० अंशांची, आत रबर ओढलेली स्वस्त स्टेअरिंग मिळतात. ती कार रेसिंगला चालतील. ट्रकला घेऊ नका, पैसे थांबून साठवा.

गेम उघडायच्या आधी स्टेअरिंग जोडलेलं असू द्या, तिन्ही पेडल एकेकदा पूर्ण दाबून सोडा. नाहीतर कधीकधी पाय न लावताच गाडी रेस घेते. गेम ज्या अॅपमधून चालतो त्या स्टीममध्ये या गेमपुरतं ‘स्टीम इनपुट’ बंद ठेवा. ते चालू असलं की दोन मालक एकाच बैलाला हाकतात. मग कंट्रोलच्या पानावर कीबोर्ड आणि स्टेअरिंगचा पर्याय निवडून रेस, ब्रेक, क्लच वेगवेगळ्या अक्षांना लावा (अक्ष म्हणजे एका पेडलची हालचाल मोजणारी ओळ). ब्रेक दाबल्यावर रेसची पट्टी हलली तर दोन्ही एकाच अक्षावर आहेत, आणि पाय उचलल्यावर पट्टी भरली तर ‘इन्व्हर्ट’ची खूण करा. डेडझोन, म्हणजे सुरुवातीची मोजली न जाणारी हालचाल, शून्य. नॉन-लिनिअॅरिटी शून्य, कारण ती वाढवली की मधला भाग सुस्त आणि टोकं चपळ होतात, आणि ९०० अंशांत त्याची गरजच नसते. पडद्यावरचं स्टेअरिंग किती फिरावं याची वेगळी पट्टी आहे, तीही ९०० वर न्या. हात आणि चित्र सोबत फिरलं नाही तर अर्ध्या तासात डोकं गरगरतं.

गेममधल्या सेन्सिटिव्हिटीचा आकडा मात्र कोणाचा ऐकू नका. रिकाम्या यार्डात गाडी उभी करा, स्टेअरिंग पूर्ण काटा, मग ऐंशीच्या वेगाने सरळ हायवेवर धरा. वळताना कमी पडतं की सरळ चालताना डोलतं, याच्यामधात तुमचा आकडा आहे.

आता मामांचा सगळ्यात मोठा आक्षेप. वीस टन लोड घेऊन निघालो, ब्रेक लावला, गाडी जागच्या जागी थांबली. मामा हसायला लागले. “गाडी खाली हाये का रे? लोडची गाडी अशी थांबत नाय. आधी गिअर पाडाचा, मंग ब्रेकले हात... म्हणजे पाय लावाचा.” सेटिंगमध्ये गेमप्लेच्या पानावर ब्रेकच्या तीव्रतेची पट्टी असते. ती मी तीन टप्पे खाली आणली. तिथेच ट्रकची आणि ट्रेलरची स्थिरता असते, तीही कमी केली, म्हणजे वळणावर केबिन झुकते आणि वेगाने वळलात तर गाडी पालथीही पडते. हवेच्या ब्रेकचं सिम्युलेशन चालू करा. मग उतारावर ब्रेकला सारखा पाय ठेवला की हवेचा काटा उतरतो, आणि चाकांचे ब्रेक न लावता गाडी मंद करणारा इंजिन ब्रेक किंवा रिटार्डर कशासाठी असतो ते न सांगता समजतं. मी इंजिन ब्रेक स्टेअरिंगच्या मागच्या डाव्या पाकळीवर ठेवलाय, रिटार्डर उजव्या.

फोर्स फीडबॅकमध्ये, म्हणजे मोटर हाताला जो जोर देते त्यात, एकूण जोर मध्यम ठेवा, स्टेअरिंग आपोआप सरळ होण्याचा जोर त्यातल्या त्यात जास्त. इंजिनची थरथर मी बंदच केली. जी२९ चे दातेरी गिअर त्यात खडखड करतात आणि आई रात्री उठून विचारते काय दळतोस म्हणून.

गिअरबॉक्स आधी ऑटोमॅटिकवर शिका, मग एच-शिफ्टर, म्हणजे तो दांडा, लावा. युरोपातल्या ट्रकला बारा गिअर, आपला दांडा सहाचा. म्हणून एक बटण ‘रेंज’ला द्यायचं : ते सोडलेलं असताना पहिले सहा, दाबून धरलं की त्याच जागांवर पुढचे सहा. मांडणी ट्रकच्या गिअरबॉक्स सेटिंगमध्ये चित्रासकट दिसते. क्लच न दाबता गिअर पडू नये हा पर्याय मामांनी लावायला लावला. लोड असला तरी दुसऱ्यापासून उचलतात ते, पहिला चढावरच.

बसण्याची जागा एफ४ दाबून ठरवा. सीट उंच करा, डावा आरसा मान न वळवता दिसला पाहिजे. चित्र अडखळत असेल, म्हणजे फ्रेम कमी पडत असतील, तर आधी आरशांचा दर्जा उतरवा, ते फार खातात.

ट्रेलर मागे घेणं मात्र मामांनाही जमलं नाही. त्यांनी आयुष्यभर दहा चक्का चालवला, मागे जोडलेलं काही नाही. ट्रेलरचं शेपूट उजवीकडे न्यायचं तर स्टेअरिंग डावीकडे द्यावं लागतं. पाच वेळा ट्रेलर दुमडला. मी म्हटलं, मामा, बैलबंडी मागे ढकलताना जू कुठे दाबता? ते जरा थांबले, सहाव्यांदा अगदी थोडं डावीकडे दिलं, आणि ट्रेलर सरळ फाटकात. हळू द्या, थोडं द्या, शेपूट वळायला लागलं की लगेच त्याच्या मागे जा.

नोव्हेंबरपासून कापसाचे दिवस. घरात वेचणीचा ढीग असला की त्याचे तंतू पेडलात शिरतात आणि ब्रेक आपोआप उड्या मारतो, कारण आत पेडल किती दाबलं ते मोजणारा पोटेन्शिओमीटर असतो आणि त्याला धूळ चालत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा मिळतो. वायर काढून आत दोन फवारे मारा, पेडल वीस-पंचवीस वेळा दाबा, वाळू द्या. खेळ झाला की वरून जुनं लुगडं टाकत जा.

उरली बटणं. दिवे, इंडिकेटर, वायपर, हँडब्रेक ही अंगठ्याच्या टप्प्यात ठेवा. हॉर्न मी उजव्या अंगठ्याखालच्या बटणावर दिला आणि मामांना तीनदा दाखवला. पण बर्मिंगहॅमजवळ कोणी आडवं आलं की ते अजूनही मधातच, गोल बिल्ल्यावर, तळहात हाणतात.