वर्णन झालं, पण गोष्ट कुठे?
चोपड्याकडची केळीची बाग, तापीचा काठ, मे महिन्याचं कडक ऊन. एवढं लिहिलं की चित्र उभं राहतं, पण ते वर्णनच राहतं. कोणाला तरी काही हवं असलं, त्यात आडकाठी आली आणि शेवटी परिस्थिती बदलली, की कथन होतं. घड कापायला आठ दिवस उरलेत, त्या पैशांवर पोरीचं लग्न धरलंय. रात्री वादळ सुटतं, सकाळी बाग आडवी. आता वाचक 'मग?' विचारतो.

लिहून झालं की वाक्यांमध्ये 'म्हणून' किंवा 'पण' घालून बघा. सगळीकडे नुसतं 'आणि'च बसत असेल, तर गोष्ट सुरूच झालेली नाही. आणि बापाला अहिराणीतच बोलू द्या: "आते काय करानं?"