ॲप करण्याआधी वेबसाइटच फोनवर बसवा
सांगलीच्या मार्केट यार्डातले हळद-बेदाण्याचे व्यापारी मला म्हणतात, "ॲप करून द्या." मी म्हणतो, आधी वेबसाइटच ॲपसारखी करू. साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर हवी. मग मॅनिफेस्टची, म्हणजे ब्राउझरला ॲपची माहिती देणारी छोटी फाइल जोडा: दुकानाचं नाव, ५१२ पिक्सेलचा चौकोनी आयकॉन, आणि 'डिस्प्ले'समोर 'स्टँडअलोन', म्हणजे वरची पत्त्याची पट्टी जाते. सर्व्हिस वर्कर, म्हणजे उघडलेली पानं फोनमध्ये साठवणारी स्क्रिप्ट, लिहाच. तासगावच्या द्राक्षबागेत रेंज गेली तरी शेतकऱ्याला शेवटचे उघडलेले भाव दिसले पाहिजेत, माझा आग्रह यासाठीच असतो. पुढे अँड्रॉइडवर क्रोमच्या तीन टिंबांतून, आयफोनवर सफारीच्या शेअर बटणातून 'ॲड टू होम स्क्रीन'. ॲप स्टोअरवर ॲप ठेवण्यासाठीची ॲपलची वर्षाची ९९ डॉलर फी वाचते. आयफोनला ब्लूटूथ वजनकाटा जोडायचा असेल तर मात्र नेटिव्ह, म्हणजे खास त्या फोनसाठी बनवलेलं ॲपच करा. सफारीत वेब ब्लूटूथ, म्हणजे वेबसाइटमधून ब्लूटूथ उपकरण जोडण्याची सोय, चालत नाही.