डांबराखाली काय आहे, ते आधी विचारा

गेल्या महिन्यात, इथे परदेशात नुकतंच घर घेतलेल्या एका मुलाचा फोन आला. "ताई, ड्राइव्हवेच्या, म्हणजे रस्त्यापासून गॅरेजपर्यंतच्या वाटेच्या, डांबरीकरणाची तीन कोटेशन आलीत. एक जण दुसऱ्यांच्या जवळजवळ निम्म्यात करून देतो म्हणतोय. त्यालाच देऊन टाकू ना?"

मी म्हटलं, "थांब, आधी तिन्ही वाचून दाखव."

पहिल्यात एकच ओळ होती: ड्राइव्हवे नवीन करून देऊ, एकूण इतके. दुसऱ्यात 'जुन्यावरून २ इंचांचा थर' असं होतं. तिसरं दोन पानी. जुनं उखडणं, राडारोडा उचलून नेणं, ८ इंच खडी, दबाईनंतर (रोलरने दाबून झाल्यावर) ३ इंच डांबर, पाण्याचा ढाळ कुठल्या बाजूला, सगळं लिहिलेलं. म्हणजे त्याच्या हातात तीन वेगवेगळ्या कामांचे आकडे होते आणि तो त्यांतला लहान आकडा निवडायला निघाला होता. नवीन आलेल्या बहुतेकांचं इथेच चुकतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मलाही तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. घर घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी मी भेगाळलेल्या जुन्या ड्राइव्हवेवर वरून थर टाकून घेतला. एका दिवसात काम उरकलं, काळाभोर गुळगुळीत झाला. एक हिवाळा गेला आणि खालच्या भेगा जशाच्या तशा वर उमटल्या, गिरवून काढल्यासारख्या. गॅरेजच्या दारापाशी पाणी साचून त्याचा बर्फ व्हायचा. चार वर्षांनी सगळं उखडलं तेव्हा कळलं की खाली जेमतेम दोन बोटं खडी होती आणि तिच्याखाली थेट चिकण माती. नव्या कंत्राटदाराने लोखंडी सळई मातीत दाबली, ती नुसत्या हाताच्या जोराने वीतभर आत गेली. मग त्याने खडीने भरलेला ट्रक त्या मातीवरून अगदी सावकाश नेला. मी कडेला उभी होते. चाकापुढे माती फुगून वर येत होती आणि चाक पुढे गेलं की खाली बसत होती. "यावर कितीही चांगलं डांबर घाला, ते मोडणारच," तो म्हणाला. तेवढा पट्टा दीड फूट खोल खणून त्याने मोठी खडी भरली. ते जादाचे पैसे मला जड गेले होते. पण त्या कामातला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च तोच.

कारण असं आहे: डांबराचा थर लवचिक असतो. गाडीचं वजन तो एकटा पेलत नाही, खालच्या खडीवर पसरवतो आणि खडी ते मातीवर पसरवते. खडी कमी पडली की वजन एकाच जागी दाबतं, थर वाकतो आणि भेग पडते. भेगेतून पाणी आत जातं. थंडीच्या प्रदेशात तेच पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि वरचा थर उचलतं. वितळलं की खाली पोकळी राहते. असं दर हिवाळ्यात पुन्हा पुन्हा होतं. त्यामुळे साध्या घरगुती गाड्यांसाठी ६ ते ८ इंच दाबलेली, फोडलेली, धारदार कडांची खडी हवीच, माती चिकण असेल तर जास्त. नदीतले गोल गोटे चालत नाहीत, ते एकमेकांत अडकून बसत नाहीत. खडीही एकदम ओतून वर रोलर फिरवून भागत नाही. चार इंचांच्या आसपासचे थर करत, प्रत्येक थराची दबाई करत जावं लागतं. कोटेशनमध्ये हे लिहिलंय का, ते आधी बघा.

आता डांबराचा हिशोब. हा मी त्या मुलाकडून फोनवरच करून घेतला, कारण एकदा स्वतः केला की कुणी फसवू शकत नाही. त्याचा ड्राइव्हवे ४० फूट लांब आणि १६ फूट रुंद, म्हणजे ६४० चौरस फूट. दबाईनंतर ३ इंच, म्हणजे पाव फूट. झाले १६० घनफूट, साधारण साडेचार घनमीटर. दाबलेल्या डांबरी मिश्रणाचं वजन घनमीटरला अंदाजे २.३ ते २.४ टन भरतं. म्हणजे साडेदहा-अकरा टन माल लागणार. तेच २ इंच केलं तर सात-सव्वासात टन. निम्म्या किमतीचं अर्धं रहस्य इथेच आहे, उरलेलं अर्धं न टाकलेल्या खडीत.

यात एक खोच आहे. '४ इंच डांबर' असं कुणी म्हणालं तर पसरताना चार की दाबल्यावर चार, हे विचाराच. सैल पसरलेला ४ इंचांचा थर रोलरखाली साधारण ३ इंचांचा होतो. 'दबाईनंतर' हा एक शब्द कागदावर आला पाहिजे. तोंडी आश्वासन या बाबतीत उपयोगाचं नाही.

मालाव्यतिरिक्त पैसे कशाचे लागतात? जुनं उखडून राडारोडा टाकण्याच्या ठिकाणी नेण्याचे, खडीचे, मजुरीचे, आणि यंत्रं तुमच्या दारापर्यंत आणण्याचे. पेव्हर (डांबर पसरणारं यंत्र), रोलर, ते वाहून आणणारा ट्रेलर, चार-पाच माणसं, हा खर्च ड्राइव्हवे छोटा असो वा मोठा, फारसा बदलत नाही. म्हणून लहान ड्राइव्हवेला चौरस फुटाचा दर जास्त पडतो आणि त्यात लबाडी असतेच असं नाही. शेजाऱ्यालाही काम करायचं असेल तर दोघांचं एकाच दिवशी ठरवा. किंमत खरोखर कमी होण्याचा हा सरळ मार्ग आहे. थर पातळ करून वाचवलेले पैसे पुढे दुरुस्तीत जातात. आणखी एक, ज्याला आपण सरसकट डांबर म्हणतो त्या मिश्रणात वजनाने साधारण ९५ टक्के खडी आणि वाळू असते, उरलेलं ५ टक्के खरं डांबर. ते डांबर खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणारा माल, त्यामुळे तेलाचे भाव हलले की याचेही हलतात. कोटेशनवर काही आठवड्यांचीच मुदत असते ती यामुळे. ती मुदत म्हणजे तुमच्यावर दडपण आणण्याची युक्ती असं मानू नका. पण "आजच सही केलीत तरच हा भाव" असं म्हणणाऱ्याला मात्र नमस्कार करा.

जुन्यावरून थर टाकणं नेहमीच चूक असतं असं नाही. खालचा पाया पक्का असेल, भेगा बारीक असतील, कुठे बसकण नसेल, तर ते काम चांगलं आणि स्वस्तात होतं. पण मगरीच्या पाठीसारख्या जाळीदार भेगा दिसल्या तर पाया गेलेला आहे, तिथे उखडण्याला पर्याय नाही. शिवाय थर टाकला की उंची वाढते. गॅरेजच्या उंबऱ्यापाशी आणि रस्त्याच्या कडेला जुनं खरवडून घेतलं नाही तर पाणी गॅरेजच्या दारापाशी साचतं किंवा आत शिरतं. माझं झालं ते हेच.

ढाळाबद्दल आग्रह धरा. निदान १ टक्का, शक्यतो २ टक्के, म्हणजे फुटामागे पाव इंच, आणि तो घराच्या पायापासून लांब, शेजाऱ्याच्या अंगणातही न जाणारा. काम सुरू होण्याआधी कंत्राटदाराला बरोबर घेऊन ड्राइव्हवेवर चाला आणि विचारा, "पाऊस पडला की पाणी कुठून कुठे जाईल?" ज्याला काम कळतं तो लगेच बोट दाखवून सांगतो.

कागदपत्रं मागायला आपण संकोचतो. नवीन देश, नवी भाषा, उच्चाराची धास्ती, आणि समोरचा माणूस चांगला बोलत असतो. पण लायसन्स आणि विम्याचा दाखला मागण्यात कुणाचा अपमान नाही, चांगला कंत्राटदार तो न मागता देतो. विमा दोन प्रकारचा हवा: मालमत्तेच्या नुकसानीचा आणि कामगारांच्या दुखापतीचा. दाखल्यावरच्या विमा कंपनीला स्वतः फोन करून पॉलिसी चालू आहे का ते विचारा, पाच मिनिटांचं काम आहे. रस्त्याला मिळणारा तुकडा बऱ्याच ठिकाणी नगरपालिकेचा असतो आणि त्यासाठी परवाना लागतो. तो कोण काढणार, हे करारात लिहून घ्या. खणण्याआधी जमिनीखालच्या गॅस, वीज आणि पाण्याच्या लाइन्सवर खुणा करून घ्यायच्या असतात, ती जबाबदारी कुणाची तेही लिहा.

दारावर येऊन "जवळच काम चाललंय, थोडा माल उरलाय, स्वस्तात करून देतो" म्हणणाऱ्यांना थारा देऊ नका. हिशोब वर केलाच आहे: तुमच्या ड्राइव्हवेला दहा-अकरा टन लागतात. इतका गरम माल कुणाकडे उरत नाही. अशी माणसं रोख घेतात, इंचभर थर पसरतात आणि पुन्हा दिसत नाहीत. नवीन घरात नवीन माणसं आली की ती नेमकी तिथेच येतात.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. आगाऊ रक्कम थोडीच, खडीची दबाई पूर्ण होऊन तुम्ही ती डोळ्यांनी बघितल्यावर पुढचा हप्ता, आणि एक चांगला हिस्सा शेवटी. काही देशांत आगाऊ रकमेवर कायद्याने मर्यादा असते, ती शोधून ठेवा. आणि हे फार थोड्यांना माहीत असतं: कंत्राटदाराने खडीवाल्याचे पैसे थकवले तर अनेक ठिकाणी तो खडीवाला तुमच्या घरावर कायदेशीर दावा लावू शकतो, तुम्ही कंत्राटदाराला पूर्ण पैसे दिलेले असले तरी. म्हणून शेवटचा हप्ता देताना 'माल पुरवणाऱ्यांचे पैसे चुकते केले' असं लेखी घ्या.

कामाच्या दिवशी शक्यतो सुट्टी काढून घरी राहा. माल प्लँटवरून (जिथे हे मिश्रण बनतं तिथून) १५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमानाला निघतो आणि ८० अंशांच्या खाली गेला की कितीही रोलर फिरवा, तो नीट दबत नाही. म्हणून ताडपत्रीने झाकलेला ट्रक आला की पुढचं सगळं भराभर व्हावं लागतं. रोलर यायचा आहे म्हणून माल पसरून ठेवलाय, असं दिसलं तर तिथल्या तिथे बोला. याच कारणासाठी हिवाळ्याच्या तोंडावर काम काढू नका, पातळ थर थंड हवेत काही मिनिटांतच निवतो. ट्रकसोबत प्लँटची वजनाची चिठ्ठी असते, ती मागून घ्या आणि आपल्या हिशोबाशी ताडून बघा. तुमच्या सगळ्या हिशोबाचा पुरावा त्या एका चिठ्ठीत असतो. कडा सरळ तुटक न ठेवता ४५ अंशांत तिरक्या दाबून घ्या, आणि नंतर त्यांना मातीचा आधार द्या. चाक कडेवरून गेलं की आधी तीच ढासळते.

शेवटचा हप्ता देण्याआधी पूर्ण थंड झालेल्या ड्राइव्हवेवर बागेचा पाइप सोडा आणि थोडा वेळ थांबा. कुठे डबकं राहतंय का बघा. राहिलं तर खडूने गोल करून फोटो काढा आणि कंत्राटदाराला पाठवा.

त्या मुलाने तिसरं कोटेशन घेतलं, पण आधी पहिल्या दोघांनाही तेच काम, त्याच मापाने लिहून द्यायला सांगितलं. एकाने उत्तर दिलं नाही. दुसऱ्याचा आकडा तिसऱ्याच्या जवळ आला.

काम झाल्यावर निदान तीन दिवस गाडी नेऊ नका, कडक उन्हाळ्यात आणखी थांबा. पहिलं वर्षभर जागच्या जागी स्टिअरिंग फिरवू नका, चाकाखालचं डांबर खरवडतं. सील कोटची, म्हणजे वरून लावायच्या संरक्षक लेपाची, घाई नको, सहा महिने ते वर्षभर जाऊ द्या. आणि तो करताना कोळशाच्या टारचा घेऊ नका, त्यातली घातक रसायनं धुळीबरोबर घरात येतात. डांबराच्या इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या डांबराचा, मागा. मोटरसायकलच्या स्टँडखाली किंवा शिडीच्या पायांखाली फळीचा तुकडा ठेवा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात खळगे पडतील.